चार नंबरचं पाणी

"त्याला म्हनावं, टाक्या नाळीकडं लाव, बुडाकडं नगं. काल समद्या गडगडत माझ्या पायाव आल्या."

केलेरा गुडघाभर पाण्यात उभी राहून बोलत होती, तोंड मात्र किनाऱ्यावरच्या नारळाकडं. ज्याला हे सांगायचं तो विलिकेसा तिच्यापासून चार हातांवर, होडीत, पाणबुड्यांच्या हवेच्या टाक्या रचत होता. त्याची पाठ तिच्याकडं. दोघांच्या मधे होडीच्या काठावर तोमासी बसला होता, एक गाल भोपळ्यासारखा सुजलेला.

"ए विलिकेसा! ए खारवलेल्या बांगड्या!" तोमासी सुजल्या गालानं ओरडला. "तुझी भन म्हनती, टाक्या नाळीकडं लाव. होडीची नाळ कुठली आन् बूड कुठलं एवढं तरी वळखत जा. तुझ्या सोताच्यात बी तुला ते वळखू येत न्हाय, ही गोष्ट येगळी."

"तिला सांग," विलिकेसा इंजिनाकडं बघत म्हणाला, "बुडाकडं वजन नसलं तर पंखा पान्याभाईर फिरतो. पंखा काय वारा घालाया बसीवलाय का?"

"केलेरा, तो म्हनतो, बरं."

टाक्या शेवटी होडीच्या मधोमध बसल्या. एकोणीस वर्षं त्या तिथंच बसत आल्या होत्या.

केलेराचा बाप आणि विलिकेसाचा बाप सख्खे भाऊ. म्हणजे आमच्या गावच्या हिशेबानं ही दोघं एका आईची असल्यासारखीच. आणि बहीण-भाऊ वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत, तोंडाकडं बघत नाहीत, एकीच्या हातची वाटी दुसरा घेत नाही. त्यात वैर काही नाही. वैर असतं तर बोलणं तरी झालं असतं. हा मान आहे, आणि मान हा भांडणापेक्षा जड असतो, तो मिटवता येत नाही. एकोणीस वर्षं ही दोघं बावीस फुटी होडीत रोज समुद्रावर जात होती, तो होडी हाकायला आणि ती गावच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना पाण्याखाली न्यायला, आणि इतक्या वर्षांत एक शब्द सरळ एकमेकांना बोलली नव्हती.

तोमासीचं निराळं. तो दोघांचा आतेभाऊ. आतेभावाला थट्टेचा हक्क आहे. थट्टा केली नाही तर लोक ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावतात. केलेरानं मापून सवरून निरोप द्यावा, तोमासीनं त्यात ओली मिरची वाटून घालावी, आणि विलिकेसानं ती खाऊन काम करावं. शिवी हाच त्या निरोपावरचा शिक्का होता. शिवी आली की विलिकेसा समजायचा, हा केलेराचा हुकूम. नाही आली, तर कुणीतरी आपलं असंच काहीतरी बोलतंय.

आणि त्या दिवशी सकाळी खाडीच्या तोंडाशी राजधानीला, सुव्याला, जाणाऱ्या बोटीचा भोंगा वाजला. तोमासी उठला. त्याची दाढ काढायची होती.

"आन् माझा निरोप कोन न्हेनार?" केलेरानं विचारलं.

"पाव्हन्याकडनं दे की. पाव्हना म्हंजी तिऱ्हाईत. त्याला काय सोवळं!"

"पाव्हन्याला काय कळतंय?"

"कळाया लागत न्हाय. मला तरी काय कळतंय? तोंड चालवाया लागतं." तोमासीनं पिशवी खांद्याला लावली. "मी बेस्तरवारी येतो. तंवर भांडू नगा."

केलेरा बावन्न वर्षांची. आडव्या अंगाची. जमिनीवरसुद्धा ती पाण्यातल्यासारखी चालायची, सावकाश, हात किंचित पुढं, आणि कुणी हाक मारली तर मान न वळवता सगळी वळायची. लहानपणी ओहोटीला आईबरोबर खडकावर जाऊन बिळातला अष्टपाद काठीनं ओढायची. ते तिचं शिक्षण. पाणबुड्याचं काम खरं तर तिच्या नवऱ्याला लागलं होतं. महिन्याभरात त्याचे कान फुटले. तो आता वरच्या अंगाला, ज्याच्या मुळ्या कुटून पितात त्या यांगोनाची झाडं लावतो, आणि कान फुटल्याचं त्याला अजिबात दुःख नाही. घरात काय चाललंय ते ऐकू येत नाही म्हणून गावातले निम्मे पुरुष त्याचा हेवा करतात. त्या वेळचा मालक म्हणाला, आता कोण? केलेरानं नवऱ्याचा रबरी पोशाख उचलला आणि घातला. तो पोटावर ढिला आणि बाकी सगळीकडं घट्ट होता. तशीच ती खाली गेली आणि वर आली ती ढोपराएवढा शेवंड घेऊन. मालकानं वहीत नवऱ्याच्या नावावर काट मारून तिचं लिहिलं.

पण तिचं खरं काम पाण्याखालचं नव्हतं. कुणाला कुठं बुडवायचं, हे तिचं काम.

पाहुणा बोटीवरून उतरला की ती बघायची. पिशवी कोण उचलतो, नवरा की बायको. कसाव्याच्या उकडलेल्या कंदाचा तुकडा ताटात फिरवतो की खातो. बोलताना पाण्याकडं बघतो की पाण्याकडं पाठ करतो. तेवढ्यावर ती जागा ठरवायची. एकदा एक नवं जोडपं आलं, लग्नाला आठ दिवस झालेलं आणि सात दिवस भांडलेलं. त्यांना तिनं 'बोळी'त नेलं. तिथं पाणी असं ओढतं की एकमेकांचा हात धरल्याशिवाय गत्यंतर नाही. वर आले ते हात धरूनच. एक सिडनीचा गडी आला, जेवताना एकटाच बोलायचा, जगातल्या चाळीस समुद्रांत बुडून आलेला. त्याला तिनं 'पटांगणा'त नेलं. पटांगणात वाळू आहे. नुसती वाळू. पाऊण तास त्यानं वाळू बघितली आणि रात्री जेवताना पहिल्यांदा दुसऱ्यांना बोलू दिलं.

एकोणीस वर्षांत तिची जागा चुकली नव्हती. हे ती स्वतः कधी म्हणायची नाही, पण दुसरं कुणी म्हणालं तर थांबवायचीही नाही.

आता सात आठवड्यांपूर्वी ब्रिस्बेनहून डेरेक आला, हॉटेलचा नवा मॅनेजर. माणूस वाईट नव्हता. दाढी रोज करायचा आणि प्रत्येक गोष्टीचं कार्ड करायचा. न्हाणीत पाणी कसं वापरावं याचं कार्ड होतं. मुंग्यांचं कार्ड होतं. एक गोष्ट मात्र होती: डेरेकला बोट लागायची. बांधलेल्या होडीत नुसता पाय ठेवला तरी चेहरा पपईच्या सालीसारखा व्हायचा. त्यामुळं समुद्र त्यानं फक्त खिडकीतून बघितला होता, आणि खिडकीतून बघूनच त्यानं समुद्राचं कार्ड केलं.

प्लॅस्टिकमधलं, चकचकीत. सहा जागा, सहा फोटो, प्रत्येकीला चांदण्या. ज्याला आम्ही नुसतं 'तोंड' म्हणतो, जिथं खडकाच्या भिंतीला फट आहे आणि आतलं सगळं पाणी बाहेरच्या समुद्रात ये-जा करतं, त्याला डेरेकनं नाव दिलं 'शार्कचा दरबार'. नंबर चार, पाच चांदण्या. आणि आमच्या 'परडी'ला, जी खडकाच्या आडोशाला आहे आणि जिथं गावातल्या बायका पोरींना पोहायला शिकवतात, तिला 'मत्स्यबाग, नवख्यांसाठी'. नंबर सहा. एक चांदणी.

"पाहुण्याला निवड हवी असते, केलेरा," डेरेक त्या सकाळी म्हणाला.

"मंग मी काय करती? मी बी निवडतीच की."

"तू निवडतेस. त्यानं निवडायला हवं."

"तो जेवाया बसताना इचारतो, काट्यानं खायचं का हातानं. त्यो दर्यातली जागा निवडनार?"

डेरेकनं श्वास घेतला. श्वास घेण्याचंही बहुतेक कार्ड होतं. "हे बघ. आज कॉलिन आणि नोएलीनपासून सुरुवात करू. त्यांनी कार्डावरून चार नंबर निवडलाय. ते परत आले की मी स्वतः विचारीन. खूश असतील, तर उद्यापासून कार्डच. ते नंबर सांगतील, तू घेऊन जायचं."

"म्हंजी मी टाक्या वाहनारं गाढव."

"मार्गदर्शक," डेरेक म्हणाला.

केलेरानं समुद्राकडं बघितलं. पुनव होऊन दोनच दिवस झाले होते. धक्क्याच्या खांबावर ओली रेघ छातीएवढी वर चढलेली, म्हणजे उतरताना पाणी तेवढंच खाली जाणार.

"किती वाजता सोडायचं?"

"दहाला. नाश्ता निवांत होऊ दे."

"दहाला तोंड वकतं."

"काय करतं?"

"वकतं. आतलं समदं पानी भाईर टाकतं. मानूस त्यात गावला तर दुपारच्या जेवनाला पार पल्याडच्या टोंग्याच्या बेटाव."

डेरेकनं फोन काढून बघितला. "वारा नाही. लाट नाही. इथं सगळं हिरवं दाखवतंय."

"त्यो फोन कंदी भिजलाय का?"

"नाही."

"मंग त्याला काय ठावं!"

पण डेरेक विलिकेसाकडं गेला आणि त्याच्या तोंडावर स्वच्छ सांगून आला: नंबर चार. डेरेकला काय, त्याला कुणाशीही बोलता येत होतं.

केलेरा पाहुण्यांकडं गेली. कॉलिन आणि नोएलीन न्यूझीलंडच्या पार दक्षिणेच्या टोकाचे. कॉलिनची मेंढरं होती, दोन हजार, आणि नोएलीन चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून गेल्या वर्षी घरी बसलेली. दोघं पाच वेळा बुडालेले, तेही गावातल्या तलावात. नाश्त्याला दोघांपुढं पपई होती आणि दोघंही पपईतल्या बिया मोजल्यासारख्या बाजूला करत होते. खात कुणीच नव्हतं.

"चार नंबरच ना?" कॉलिन बायकोला म्हणाला. "तुझी फार इच्छा आहे म्हणून."

"हो हो," नोएलीन म्हणाली. "तू विमानात तेवढंच बोलत होतास."

"हां. शार्क."

"शार्क," नोएलीन म्हणाली आणि पाण्याचा पेला उचलून तसाच खाली ठेवला.

केलेरानं एकदा त्याच्या गुडघ्याकडं बघितलं, तो टेबलाखाली शिवणयंत्रासारखा हालत होता. एकदा तिच्या बोटांकडं बघितलं. तिला हवं ते कळलं. दोघंही भ्यालेत आणि दोघंही एकमेकांसाठी मरायला निघालेत. असली माणसं तोंडात न्यायची नसतात. असली माणसं परडीत न्यायची.

जागा ठरली. आता ती विलिकेसाला सांगायची एवढंच राहिलं होतं.

होडी किनाऱ्यावरून सुटली. विलिकेसा मागं इंजिनाशी, तोंड समुद्राकडं वळवून. केलेरा पुढं नाळीशी, पाठ त्याच्याकडं. मधे पाहुणे. केलेरा नोएलीनच्या कानाशी वाकली.

"बाई, एक काम करा. त्या मानसाला सांगा, तोंडाकडं न्हाय जायचं. परडीकडं घ्यायचं. पानी उतराया लागलंय."

"कोणाला? कप्तानांना? ते तर तुमच्या मागंच बसलेत."

"व्हय. पर मला सांगता येत न्हाय. तो माझा भाऊ हाय."

नोएलीनला हे काही उमगलं नाही, पण चौतीस वर्षं शाळेत काढलेली बाई. भावंडं एकमेकांशी बोलत नाहीत हे तिला नवं नव्हतं. ती मागं वळली, गळा साफ केला आणि गोड आवाजात म्हणाली,

"कप्तान, तुमची काही हरकत नसेल तर, आणि तुम्हाला गैरसोय होणार नसेल तर, आपण कदाचित परडीकडं जाण्याचा विचार करू शकतो का? आभारी आहे."

विलिकेसानं ते ऐकलं. त्यात एकही शिवी नव्हती. बांगडा नव्हता, बूड नव्हतं, अक्कल नव्हती. केलेराचा निरोप असा कधी आला नव्हता. म्हणजे हे पाहुणीचं स्वतःचं, वाटेतलं बोलणं, जसं पाहुणे म्हणतात, वा काय छान ढग आहेत. तो अदबीनं हसला, म्हणाला, "आभारी हाय, बाई," आणि होडी सरळ तोंडाकडं नेली.

केलेराला नाळीखालचं पाणी बदललेलं कळलं. तिनं मान वळवली नाही. पुन्हा वाकली.

"बाई, असं न्हाय. जरा शिवी द्या."

"काय?"

"शिवी. त्याबिगार त्याला कळत न्हाय की मी सांगतीय."

"मी कप्तानांना शिवी देऊ?"

"लई न्हाय. हलकी द्या. गाढव म्हना."

नोएलीन लाल झाली. ती एकदम ताठ बसली, बोट उगारलं, आणि चौतीस वर्षांत वापरलेलं सगळ्यात वाईट हत्यार बाहेर काढलं.

"कप्तान! तुम्ही... तुम्ही अजिबात लक्ष देत नाही!"

विलिकेसानं पुन्हा हसून मान हालवली. त्याला वाटलं बाई शार्कच्या आनंदात आहे.

"कॉलिन साहेब, तुमी द्या," केलेरा म्हणाली.

कॉलिननं आयुष्यभर मेंढरांना शिव्या दिल्या होत्या, पण माणसाला समोरासमोर कधी नाही. त्यानं टोपी काढली. "मित्रा," तो म्हणाला, "या म्हणतात की तू गाढव आहेस. माफ कर हं." आणि टोपी पुन्हा घातली.

आता माफी मागून दिलेली शिवी म्हणजे मीठ नसलेला मासा. विलिकेसाला त्यातून एवढंच कळलं की आजचे पाहुणे जरा हलक्या डोक्याचे आहेत. होडी तोंडाशी पोचली. इंजिन मंद झालं.

तिथलं पाणी वरून गुळगुळीत दिसत होतं. तेलासारखं. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, काय शांत आहे. पण होडीच्या बाजूनं नारळाची एक झावळी आली आणि बघता बघता फटीतून बाहेरच्या निळ्यात नाहीशी झाली, कुणी दोरीनं ओढल्यासारखी.

केलेरानं टाकी पाठीला लावली नाही. हाताची घडी घालून बसली. मी उतरत नाही, हे तिचं सांगणं. ते कुणालाही दिसलं असतं. पण विलिकेसाची पाठ. तो होडी प्रवाहात धरून, दुसरीकडं बघत, ती उतरायची वाट बघत बसला. तिकडं कॉलिन मात्र टाकी लावून, तोंडात नळी घेऊन होडीच्या काठावर जाऊन बसलेला. तो पांढरा पडला होता. पण नंबर चार निवडला होता, आणि बायको बघत होती. त्यानं डोळ्यांवरच्या काचेवर हात ठेवला आणि मागं झुकायला लागला.

केलेरानं त्याच्या टाकीचा पट्टा मुठीत धरला आणि त्याला पोत्यासारखा होडीत आडवा ओढला.

आता बोलायला हवं होतं. सरळ बोलली तर एकोणीस वर्षांचा मान पाण्यात गेला, गावापुढं दोघांची मान खाली. नाही बोलली तर हा म्हातारा टोंग्याच्या वाटेला. तिनं इकडं तिकडं बघितलं. पायाशी नांगर होता. गंजका, चार आकड्यांचा.

"नांगरा," केलेरा मोठ्यानं म्हणाली. "तुला सांगती. हितं उतरायचं न्हाय. पानी वकतंय. आंधळ्याला दिसतंय, तुला दिसत न्हाय व्हय रं?"

विलिकेसाच्या मानेवरची शीर ताठली. बहिणीचा आवाज असा सरळ त्याच्या अंगावर पस्तीस-चाळीस वर्षांत पडला नव्हता. पण बोलली होती ती नांगराशी, त्याला काही म्हणता येईना. त्यानं घसा खाकरला.

"नांगरा," तो इंजिनाकडं बघत म्हणाला, "मला काय सपान पडतंय का? सकाळधरनं निरोप न्हाय, शिवी न्हाय. सायबानं चार नंबर सांगितला. म्या म्हनलं, बाय शानी हाय, कायतरी इचार करून गप बसली आसंल. म्या आपलं देवाचं नाव घेत आनली होडी."

"नांगरा, देवाचं नाव घेन्यापरीस पान्याकडं बघावं मानसानं!"

"बघितलं की! पर पान्याखालचं राज्य तिचं, नांगरा. आपन कोन बोलनार?"

"वरचं कुनाचं मंग? त्या गंजक्याचं?"

"गंजक्या कुनाला म्हनती ते इचार, नांगरा. तुला का मला."

नोएलीननं नवऱ्याचा हात धरला. हे सगळं आमच्या बोलीत चाललेलं, तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण केलेराचं बोट नांगरावर रोखलेलं होतं. "कॉलिन," ती हळूच म्हणाली, "ते दोघं नांगराशी भांडतायत."

"इकडची पद्धत असेल," आडवा पडलेला कॉलिन म्हणाला.

"आन् टाक्या, नांगरा," केलेराला आता थांबवेना, "एकोनीस वर्सं सांगून ऱ्हायली, नाळीकडं लाव, नाळीकडं लाव—"

"पंखा हवेत फिरतो, नांगरा!"

"एकदा लावून तर बघ म्हनावं!"

इंजिन गुरगुरलं. होडी वळली. पुढचा पाव तास कुणी काही बोललं नाही, नांगरालाही नाही. पण विलिकेसाचे कान लाल होते, आणि केलेरानं हसू येऊ नये म्हणून ओठ दाताखाली धरला होता.

परडीत पाणी काचेसारखं. खाली कोबीच्या गड्ड्यांसारखे प्रवाळ, रांगेनं, कुणी हातानं लावावेत असे. केलेरानं एका हातात कॉलिन आणि दुसऱ्या हातात नोएलीन धरली आणि बाजाराला निघाल्यासारखी सावकाश खाली गेली. एका खडकावर नुसता खडक होता. तिनं बोटानं दाखवला. दोघांनी बघितलं, खडक. तिनं पुन्हा दाखवला. मग खडकानं डोळा उघडला, तांबडा झाला, मग ठिपक्याठिपक्यांचा, आणि आठ पाय काढून चालायला लागला. नोएलीन पाण्याखाली हसली. बुडबुड्यांचा लोटच्या लोट वर गेला. पुढं एका कपारीत कासव झोपलेलं, वामकुक्षी घेतल्यासारखं. आणि त्याच्या शेजारच्या कपारीत, वाळूवर पोट टेकून, पांढऱ्या शेंडीच्या पंखाचा एक शार्क. बकरीएवढा. त्यालाही झोप लागलेली.

कॉलिन थिजला. त्यानं केलेराचा हात असा आवळला की पुढं दोन दिवस तिला टाकी उचलताना कळ यायची. शार्कनं एक डोळा किलकिला केला, कॉलिनला बघितलं आणि पुन्हा झोपला.

वर आल्यावर कॉलिन होडीत बसून धापा टाकत म्हणाला, "पाच फूट असेल."

"असेल," नोएलीन म्हणाली. "मला वाटलं होतं मी घाबरीन. तुला सांगू का, मला चार नंबरला जायचंच नव्हतं."

कॉलिननं तिच्याकडं बघितलं. "मला तरी कुठं," तो म्हणाला, आणि मग घाईघाईनं, "पण सहा फूट तरी असेलच गं तो."

किनारा दिसेपर्यंत शार्क आठ फुटांवर गेला.

डेरेक धक्क्यावर उभा होता, हातात कार्ड. केलेरा पाण्यात उतरली आणि टाक्या काढायला लागली. सगळं आता त्या दोघांच्या तोंडावर होतं. परडी म्हणाले तर तिची जागा बरोबर निघाली, कार्ड चुकलं. पण तसं म्हणाले तर डेरेकला कळणार की आपलं ऐकलं नाही.

"कसा होता चार नंबर?" डेरेकनं विचारलं.

कॉलिननं कार्डाकडं बघितलं. शार्कच्या फोटोकडं, पाच चांदण्यांकडं. मग एका चांदणीच्या 'मत्स्यबाग, नवख्यांसाठी'कडं. तो छाती काढून उभा राहिला.

"चार नंबर? नऊ फूट!" तो म्हणाला. "इतका जवळ. डोळ्यात डोळा घातला त्यानं!"

नोएलीननं तोंड उघडलं. चौतीस वर्षं तिनं असल्या थापा पकडण्यात घालवली होती. तिनं केलेराकडं बघितलं. केलेरानं टाकी खांद्यावर घेता घेता मान अशी किंचित हालवली: जाऊ द्या, बाई. नोएलीननं तोंड मिटलं.

डेरेकचा चेहरा उजळला. "बघितलंस, केलेरा? आणि तू म्हणत होतीस, ओकतं! पाहुण्याला निवड दिली की पाहुणा खूश. आता दुपारपासूनच कार्ड. ठरलं?"

केलेरा थांबली. टाकीचं पाणी तिच्या पाठीवरून निथळत होतं. तिनं डेरेककडं बघितलं, त्याच्या कोरड्या बुटांकडं बघितलं, मग धक्क्यापलीकडं, जिथं पाऊल टाकायची त्याची सात आठवड्यांत छाती झाली नव्हती.

"ठरलं," ती म्हणाली. "फकस्त एक. पाव्हन्यानं नंबर सांगायचा. त्यो नंबर पान्यात कुठं हाय, ते मी दाखवनार."

"अर्थात!" डेरेक म्हणाला. "जागा तुलाच माहीत. मला काय कळतंय त्यातलं?"

"त्येच म्हनती मी," केलेरा म्हणाली.

दुपारी तिनं लेकीच्या हाती विलिकेसाच्या घरी यांगोनाच्या मुळ्यांची एक जुडी पाठवली, आवाज अंगावर पडल्याची भरपाई म्हणून. लेक परत आली तेव्हा तिच्या हातात विलिकेसाच्या बायकोनं दिलेला नारळाच्या दुधात शिजवलेला मासा होता. दुपारच्या खेपेला दोन जपानी पोरी होत्या, हसऱ्या, माशासारख्या पोहणाऱ्या, आणि त्यांनीही कार्डावर चार नंबरवर बोट ठेवलं होतं. तीन वाजता भरती चढती असणार, तोंड आत गिळायला लागलेलं. त्या दोघींना केलेरानं खरोखर तोंडातच नेलं. त्यांच्यासाठी तीच जागा होती.

त्याआधी पोशाख धुवायचे होते. पडवीशेजारच्या पिंपात गोडं पाणी होतं. तिनं नोएलीनचा पोशाख उलटा करून बुचकळला, पिळला, दोरीवर टाकला. कॉलिनचा हुंगला, तोंड वाकडं केलं आणि पिंपातलं पाणी बदलून दोनदा धुतला. मग ओले हात मांड्यांना पुसून टाक्यांकडं गेली आणि एकेक नळ फिरवून कुठली किती भरलीय ते बघायला लागली.